घरांतील संगणकाचा कर्ता कोण?

जुन्या वाड्यांत माजघराशेजारच्या कोठीची किल्ली कोणाच्या कमरेला आहे हें पाहिलें, कीं त्या घरांत कोणाचा शब्द चालतो हें निराळें विचारावें लागत नसे. सासूच्या कमरेची ती किल्ली सुनेच्या कमरेला गेली म्हणजे घरांत सत्तांतर झालें, हें साऱ्या आळीला समजे. आतां वाडे पुष्कळ पडले आणि कोठ्याहि गेल्या. परंतु घरांत एक नवी कोठी अशी आली आहे कीं, तिची किल्ली कोणाजवळ आहे हें घरांतल्या मंडळींनाच बहुधा ठाऊक नसतें. ती कोठी म्हणजे घरचा संगणक.

हा लेख आम्हीं पाचोऱ्यासारख्या गांवांतील घरें डोळ्यांसमोर ठेवून लिहीत आहोंत. पाचोरा हें मुंबई-भुसावळ लोहमार्गावरचें खानदेशांतील तालुक्याचें गांव. या भागांतून कापूस, केळीं आणि शिकलेलीं मुलें हीं तिन्हीं बाहेरगांवीं जातात. पैकीं पहिल्या दोहोंचे पैसे घरीं येतात, तिसऱ्यांची मात्र सुट्टीपुरती फेरी होते. थोरला पुण्यास, मुलगी बंगलोरास, धाकटा अमेरिकेंत, आणि घरीं आजोबा-आजी, काका-काकू व शाळेंत जाणारीं एकदोन नातवंडें, असा आजच्या एकत्र कुटुंबाचा आकार झाला आहे. दिवाळीस थोरला येतो, घरच्यांच्या पैशानें एक लॅपटॉप विकत घेऊन देतो, तासाभरांत तो चालू करून ठेवतो आणि भाऊबीज आटोपली कीं गाडी गांठतो. त्या तासाभरांत त्यानें यंत्रांत काय काय केलें, हें त्याला कोणी विचारीत नाहीं. पुढें वर्षभर सातबाऱ्याचे उतारे, विजेचीं बिलें, पेन्शनीसाठीं द्यावयाचा हयातीचा दाखला, नातवाचे धडे, लग्नमुंजींचीं छायाचित्रें असें सारें त्या यंत्रांत सांठत जातें. मग एके दिवशीं नवा प्रिंटर जोडावयाचा निघतो. पडदा काळवंडतो, मध्यें एक चौकट उभी राहते, आणि ती चौकट ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड मागते. घरांतलीं माणसें एकमेकांच्या तोंडाकडे पाहूं लागतात. ज्या यंत्राचे पैसे घरानें मोजले, त्याच यंत्राच्या दारांत घर परक्यासारखें उभें असतें.

थोरल्याला फोन करावा तर तो कचेरीच्या बैठकींत असतो. त्यालाहि तो पासवर्ड आठवत असेलच असें नाहीं. आणि ज्यानें किल्ली ठेवली तो माणूसच, ईश्वर न करो, उद्यां नाहींसा झाला, तर त्याच्याबरोबर कुटुंबाचीं दहा वर्षांचीं कागदपत्रेंहि कुलुपांत राहावयाचीं. म्हणून 'घरच्या संगणकावर पूर्ण अधिकार कसा मिळवावा' हा प्रश्न आज केवळ हौशी तरुणांचा राहिलेला नाहीं. तो कुटुंबाचा प्रश्न झाला आहे. त्याचें आमचें उत्तर थोडक्यांत असें : हा अधिकार एका माणसाचा नसावा, घराचा असावा, त्याचा ठावठिकाणा निदान दोघांना माहीत असावा, आणि तो जवळ असला तरी नित्याच्या वापरांत मुळींच नसावा. या तीन गोष्टी वरवर परस्परविरुद्ध दिसतात. त्या तशा कां नाहींत, तें पाहूं.

अधिकार आला कोठून?

संगणक जेव्हां खोलीएवढे मोठे व अतोनात महाग होते, तेव्हांच हा प्रश्न उपस्थित झाला. अमेरिकेंतील मॅसेच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेंत फर्नांडो कॉर्बातो व त्यांचे सहकारी यांनीं १९६१ सालीं एकाच यंत्रावर अनेकांना एकाच वेळीं काम करतां यावें अशी पद्धति करून दाखविली. एका यंत्रावर अनेक माणसें आलीं, तेव्हां प्रत्येकाचे कागद निराळे ठेवणें भाग पडलें, आणि त्यासाठीं पासवर्ड आला. गंमत अशी कीं, कुलूप आलें आणि पाठोपाठ तें चुकविणारेंहि आले. ॲलन शेर नांवाच्या तेथील संशोधकाला आठवड्याला चार तासच यंत्र मिळे, आणि तेवढ्यांत त्याचें काम उरकेना. त्यानें १९६२ सालीं यंत्राकडूनच सर्वांच्या पासवर्डांची यादी छापून घेतली व दुसऱ्यांच्या नांवांवर आपलें काम पुरें केलें. पुढें अनेक वर्षांनीं त्यानें स्वतःच ही हकीकत सांगितली.

बेल प्रयोगशाळेंत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनीं १९६९ सालीं 'युनिक्स' या पद्धतीचा आरंभ केला. तींत सर्व खात्यांच्या वर एक खातें असे. त्याला 'रूट', म्हणजे मूळ, असें नांव आहे. इतरांनीं कांहीं करूं म्हटलें तर यंत्र आधीं परवानगी पाहतें. रूटला तें कांहींच विचारीत नाहीं. रूटनें एक अक्षर चुकीचें लिहिलें आणि सारा संग्रह पुसून जाण्याचा प्रसंग आला, तरी यंत्र निमूटपणें आज्ञा पाळणार. याचा अनुभव आल्यावर शहाण्यांनीं उपायहि शोधला. बफेलो येथील विद्यापीठांत १९८० च्या सुमारास 'सुडो' नांवाचा एक लहानसा प्रोग्रॅम तयार झाला. मनुष्यानें आपल्या साध्या खात्यांतच बसावें, आणि एखाद्या कामापुरता मोठा अधिकार मागून घेऊन तें काम होतांच पुन्हां साधें व्हावें, एवढाच त्याचा अर्थ. त्यापूर्वी १९७५ मध्यें सॉल्टझर आणि श्रोडर या दोघा पंडितांनीं हेंच तत्त्व सूत्ररूपानें मांडलें होतें : प्रत्येक मनुष्याला व प्रत्येक प्रोग्रॅमला त्याच्या कामापुरताच अधिकार असावा, त्याहून अधिक नसावा.

घरगुती यंत्रांवर मात्र हें शहाणपण उशिरां पोंचलें. विंडोज ९५ च्या काळांत घरच्या संगणकाला खरें कुलूपच नव्हतें. नांव व पासवर्ड विचारणारी चौकट रद्द केली तरी आंत जातां येई. १९९३ मध्यें कचेऱ्यांसाठीं निघालेल्या विंडोज एन्.टी. मध्यें अधिकारांची उतरंड नीट बांधलेली होती, आणि ती २००१ च्या विंडोज एक्स्.पी. बरोबर घरोघर आली. परंतु तींतहि यंत्र प्रथम मांडतांना जीं खातीं उघडलीं जात, तीं सर्वच ॲडमिनिस्ट्रेटर होत. म्हणजे घरांत पांच माणसें, आणि पांचहि जण कर्ते! २००७ सालीं सर्वांच्या हातीं आलेल्या विंडोज व्हिस्टामध्यें प्रथमच पडदा काळवंडवून 'हें खरोखर करावयाचें आहे ना?' असें विचारणारी चौकट आली. लोकांनीं तिला नांवें ठेविलीं. परंतु मोठा अधिकार असूनहि माणसानें घटकाभर थांबून विचार करावा, हाच तिचा हेतु होता व आजहि आहे.

उतरंडीच्या पायऱ्या

सांप्रतच्या विंडोजमध्यें सामान्य माणसाला ठाऊक असाव्या अशा तीन पायऱ्या आहेत. पहिली 'स्टँडर्ड' किंवा साधें खातें. यांत पत्रव्यवहार, बँकेचें काम, अभ्यास, लेखन सर्व कांहीं होतें. फक्त साऱ्या यंत्रावर परिणाम करणारा बदल होत नाहीं. दुसरी पायरी ॲडमिनिस्ट्रेटर खात्याची. याला नवे प्रोग्रॅम घालतां येतात, दुसऱ्यांचीं खातीं उघडतां, बंद करतां व त्यांचे पासवर्ड बदलतां येतात. मात्र हें खातेंहि एरव्हीं साध्या अधिकारानेंच वावरतें, आणि चौकटींत 'होय' म्हटल्यावरच तेवढ्या कामापुरता त्याचा पूर्ण अधिकार जागा होतो. तिसरी पायरी म्हणजे यंत्राबरोबर जन्मलेलें 'ॲडमिनिस्ट्रेटर' याच नांवाचें मूळ खातें. तें मूळच्या मांडणीप्रमाणें कांहीं विचारीत नाहीं व थांबवीत नाहीं. आणि म्हणूनच व्हिस्टापासून तें निजवून ठेवलेलें असतें. पुष्कळ हौशी मंडळी 'पूर्ण अधिकार' म्हणून जें शोधतात, तें हेंच निजलेलें खातें. त्याला जागें करण्याची एका ओळीची आज्ञा आहे. ती आम्हीं येथें मुद्दाम छापीत नाहीं, कारण घरगुती कामांत तिची गरज सहसा पडत नाहीं.

आणि 'पूर्ण' या शब्दानेंहि कोणीं फसूं नये. विंडोजच्या स्वतःच्या मुख्य फायलींची मालकी ॲडमिनिस्ट्रेटरकडेहि नसते. 'ट्रस्टेड इन्स्टॉलर' नांवाच्या अंतर्गत सेवेकडे ती असते. ॲपलच्या मॅक यंत्रांवर रूट खातें मुळांत बंदच असतें, आणि २०१५ पासून तर रूटलाहि यंत्रणेच्या गाभ्यांतील फायलींना हात लावतां येत नाहीं. ज्यांनीं हीं यंत्रें घडविलीं, त्यांनींच सर्वाधिकारी खात्याला अशा वेसणी घातल्या आहेत.

कर्त्याचा दृष्टांत

आपल्याकडील एकत्र कुटुंबाच्या परंपरेंत वाढलेल्यांना हें तत्त्व नवें वाटण्याचें कारण नाहीं. विज्ञानेश्वराच्या मिताक्षरेस अनुसरणाऱ्या कुटुंबांत कर्त्याचा अधिकार मोठा मानलेला आहे. घराच्या वतीनें तो बोलतो, देणेंघेणें करतो, प्रसंगीं कर्जहि काढतो. परंतु वडिलोपार्जित मिळकत तो लहरीखातर विकूं शकत नाहीं. १८५६ सालीं लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनें हनुमानप्रसाद पांडे यांच्या खटल्यांत असा निर्णय दिला कीं, अज्ञान वारसाची मिळकत सांभाळणाऱ्याचा अधिकार मर्यादित आहे, आणि तो गरजेपुरता किंवा मिळकतीच्या हितासाठींच वापरतां येतो. पुढें न्यायालयांनीं हाच दंडक एकत्र कुटुंबाच्या कर्त्याला लावला. अधिकार आहे, पण कारणाशिवाय चालवावयाचा नाहीं. आणि चालविला तर कां चालविला हें सांगतां आलें पाहिजे. संगणकाच्या ॲडमिनिस्ट्रेटरला याहून चांगला उपदेश कोणी करूं शकेल असें आम्हांस वाटत नाहीं.

हा उपदेश न पाळल्यास काय होतें, याचें एक मोठें उदाहरण आपल्याच महाराष्ट्राच्या दारांत घडलें. २७ जून २०१७ रोजीं 'नॉटपेट्या' नांवाचा एक विध्वंसक प्रोग्रॅम युक्रेन देशांतून जगभर पसरला. तेथील व्यापारी ज्या हिशेबी प्रोग्रॅमनें कर भरीत, त्याच्याच नव्या आवृत्तींतून तो शिरला. मर्स्क ही जहाजांची प्रचंड कंपनी त्याच्या तडाख्यांत सांपडली, आणि न्हावा-शेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरावर त्या कंपनीच्या गटाकडून चालविलें जाणारें टर्मिनल ठप्प झालें. हा प्रोग्रॅम पसरण्याच्या वाटा दोन होत्या. एक, विंडोजमधील एक जुनी, दुरुस्ती निघालेली पण पुष्कळांनीं न केलेली फट. दुसरी वाट आमच्या विषयाची आहे : एका यंत्रांत शिरल्यावर तो त्याच्या स्मरणांत राहिलेले पासवर्ड वेंचून काढी, त्यांत एखाद्या मोठ्या अधिकाऱ्याचा पासवर्ड सांपडला, कीं त्या अधिकाराच्या नांवानें तो शेजारच्या यंत्रांना आज्ञा देई, आणि तीं यंत्रें ती मुकाट्यानें पाळीत. जेथें मोठा अधिकार रोजच्या कामांत मोकळा वावरत होता, तेथें नाश झपाट्यानें झाला.

या कथेचा शेवट भारनियमन सोसलेल्या खानदेशांतील वाचकांस विशेष रुचेल. कोणाला कोणता अधिकार आहे याची मर्स्कची मुख्य नोंद जगभरच्या अनेक यंत्रांवर होती, आणि तीं सर्व पुसलीं गेलीं. वांचलें तें एकच, आफ्रिकेंतील घाना देशांतलें. कारण त्या वेळीं तेथली वीज गेली होती आणि तें यंत्र जाळ्यापासून तुटलें होतें! त्या एका प्रतीवरून कंपनीनें सारी उतरंड पुन्हां उभी केली. जी प्रत तारेला जोडलेली नाहीं तीच संकटांत उपयोगीं पडते, हें मोठ्या कंपनीला दैवानें शिकविलें. घरानें तें आधींच शिकून ठेवावें.

घरानें काय करावें?

आतां प्रत्यक्ष कृति. प्रथम आपलें खातें कोणत्या पायरीचें आहे तें पाहावें. विंडोज ११ मध्यें 'सेटिंग्ज' उघडून 'अकाउंट्स' या भागांत 'युअर इन्फो' पाहिलें म्हणजे नांवाखालीं 'ॲडमिनिस्ट्रेटर' असा शब्द दिसतो. तो नसेल, तर तें खातें साधें आहे असें समजावें.

मग घराचें म्हणून एक स्वतंत्र ॲडमिनिस्ट्रेटर खातें उघडावें. 'अकाउंट्स' मधील 'अदर यूजर्स' या भागांतून नवें खातें उघडतां येतें, आणि 'चेंज अकाउंट टाइप' या कळीनें त्याला ॲडमिनिस्ट्रेटर करतां येतें. हें करण्यास आधींचा ॲडमिनिस्ट्रेटर लागतो; म्हणून ज्यानें यंत्र मांडलें तो घरीं असेल, तोंच हें काम उरकावें. या खात्याला कोणा व्यक्तीचें नांव देऊं नये. 'घर' किंवा 'कोठी' असें साधें नांव पुरे. त्याचा पासवर्ड लांब असावा, आणि मुलाच्या वाढदिवसाची तारीख किंवा कुलदैवताचें नांव तर तो नसावाच. कारण गांवांतील अर्ध्या लोकांना तीं ठाऊक असतात.

तिसरी पायरी क्रमानें घ्यावी. नव्या खात्यांत एकदां प्रत्यक्ष शिरून तें चालतें याची खात्री करावी. आणि मगच आजोबा, काकू, नातवंडें या सर्वांचीं रोजचीं खातीं साधीं करावीं. थोरल्याचें खातें राहिलें तर तेंहि साधें करावें. क्रम चुकला आणि पहिली किल्ली फेंकून दिल्यावर दुसरी लागत नाहीं असें आढळलें, तर दुरुस्ती अवघड होते. एवढें झालें म्हणजे नवा प्रिंटर जोडतांना चौकट येईल, काकू 'कोठी'चा पासवर्ड घालतील, काम होईल, आणि यंत्र पुन्हां साध्या अधिकारावर येईल.

चौथी गोष्ट फार थोड्यांच्या लक्षांत येते. हल्लींच्या अनेक यंत्रांत आंतील सर्व मजकूर आपोआप सांकेतिक लिपींत सांठविला जातो. यंत्र चोरीस गेलें तरी चोराला कांहीं वाचतां येऊं नये, हा त्याचा हेतु. परंतु दुरुस्तींत एखादा मुख्य भाग बदलला, तर यंत्र मालकालाहि ओळखेनासें होतें आणि ४८ आंकडी किल्ली मागतें. ही किल्ली बहुधा यंत्र प्रथम मांडणाऱ्याच्या मायक्रोसॉफ्ट खात्यांत, म्हणजे पुण्याच्या मुलाच्या नांवावर, जमा असते. ती मागवून कागदावर उतरून घ्यावी. ती हरवली, तर पैसे मोजूनहि आंतील मजकूर परत मिळत नाहीं. त्या कुलपाचा गुणच तो आहे.

ही किल्ली आणि 'कोठी'चा पासवर्ड दोन्ही एका कागदावर सुवाच्य लिहून, पाकीट बंद करून, सोन्यानाण्याबरोबर बँकेच्या लॉकरांत किंवा घरच्या तिजोरींत ठेवावीं. पासवर्ड कागदावर लिहूं नये असें सांगणारे पुष्कळ भेटतात. कचेरींत पडद्याच्या कडेला चिठी डकविणाऱ्यांना तो उपदेश ठीक आहे. तिजोरींतील पाकिटाला तो लागू नाहीं. सातासमुद्रांपलीकडचा चोर तुमची तिजोरी फोडावयास येत नाहीं.

किल्ली हरवली असेल तर

ज्या घरांत किल्ली आधींच हरवली आहे, त्यांनीं पुढील क्रम धरावा. घरांत दुसरें कोणतें ॲडमिनिस्ट्रेटर खातें असेल, तर त्यावरून पहिल्याचा पासवर्ड बदलतां येतो. मात्र खातें केवळ त्या यंत्रापुरतें असेल, तर त्यांत सांठविलेले इतर पासवर्ड व सांकेतिक केलेल्या फायली यांमुळें जाऊं शकतात, हें ध्यानांत ठेवावें. खातें मायक्रोसॉफ्टचें असेल, तर फोनवर किंवा पत्त्यावर संकेत मागवून पासवर्ड नवा करतां येतो. यंत्रापुरत्या खात्यासाठीं आरंभीं तीन प्रश्नोत्तरें दिलीं असतील, तर तीं उपयोगीं पडतात. यांपैकीं कांहींच नसेल, तर यंत्र पुसून नव्यानें मांडणें हाच सरळ मार्ग उरतो, आणि त्यांत आंतला मजकूर जातो. म्हणून महत्त्वाच्या कागदांची एक प्रत निराळ्या डिस्कवर काढून ती यंत्रापासून तोडून ठेवावी. घानाची गोष्ट येथें आठवावी.

'पेनड्राइव्ह लावून पांच मिनिटांत पासवर्ड उडवून देतों' असें सांगणारे कारागीर सर्वत्र आहेत. मजकूर सांकेतिक नसेल तर तें अशक्यहि नाहीं. परंतु कारागिराला जें पांच मिनिटांत जमतें तें चोरालाहि जमतें, आणि त्या पेनड्राइव्हबरोबर आणखी काय आंत आलें तें आपणांस कळत नाहीं. स्वतःच्या यंत्राचें कुलूप उघडणें हा गुन्हा नव्हे. मात्र दुसऱ्याच्या यंत्रांत मालकाच्या परवानगीवांचून शिरणें हें २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ४३ व्या कलमाखालीं येतें. तें लबाडीच्या हेतूनें केलें तर ६६ व्या कलमान्वयें तीन वर्षेंपर्यंत कैद किंवा पांच लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊं शकतात. शेजाऱ्याचा किंवा कचेरीचा लॅपटॉप 'सहज' उघडून पाहणाऱ्या उत्साही तरुणांनीं हें वाचून ठेवावें.

जुनें यंत्र स्वस्तांत घेणाऱ्यांसहि एक सूचना. कंपन्यांनीं काढून टाकलेले लॅपटॉप पुष्कळ विकावयास येतात. त्यांपैकीं कांहीं पूर्वीच्या कंपनीच्या व्यवस्थेशीं अद्याप बांधलेले असतात. पुसून नव्यानें मांडलें तरी पहिल्याच पडद्यावर जुन्या मालकाचें नांव येतें. दुकानांतच, पैसे देण्यापूर्वीं, तें यंत्र अगदीं आरंभापासून मांडून दाखवावें असा आग्रह धरावा. दुसऱ्याचा बोजा असलेली जमीन कोणी सातबारा पाहिल्यावांचून घेत नाहीं. तोच न्याय येथें लावावा.

साध्या खात्यानें सर्व संकटें टळतात असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. साध्या खात्यांत शिरलेला दुष्ट प्रोग्रॅम यंत्र काबीज करूं शकला नाहीं, तरी त्या खात्यांतले कागद बिघडवूं शकतो. आणि फोनवरून 'मी बँकेंतून बोलतों' म्हणून गोड बोलणारा भामटा यंत्राला फसवीतच नाहीं. तो माणसाला फसवितो, आणि माणसाच्या हातून 'होय' दाबवून घेतो. म्हणून घरांत एकच नियम असावा : फोनवर कोणी सांगत असतांना 'कोठी'चा पासवर्ड घालावयाचा नाहीं, मग बोलणारा स्वतःस कोणीहि म्हणवो. चूक झालीच तर वेळ न दवडतां १९३० या सरकारी क्रमांकावर कळवावें.

किल्ली कोणाकडे?

राहिला शेवटचा, आणि घरोघर खरा अडणारा, प्रश्न. ही किल्ली कोणाच्या हातीं द्यावी? वडीलकीच्या मानानें आजोबांकडे, कीं मिळकतीच्या मानानें पुण्याच्या मुलाकडे? आमच्या मतें दोन्ही कसोट्या येथें गैरलागू आहेत. जो घरीं राहतो, जो सावकाश वाचल्याशिवाय 'होय' म्हणत नाहीं, आणि ज्याला विचारावयास घरांतल्या कोणालाहि संकोच वाटत नाहीं, त्याच्याकडे ती असावी. पुष्कळ घरांत ही व्यक्ति म्हणजे विजेच्या बिलापासून शाळेच्या फीपर्यंतचा सारा भार वाहणारी सून असते. आणि तरीहि पासवर्ड मात्र नवऱ्याच्या डोक्यांत असतो. २००५ सालीं वारसाकायद्यांत दुरुस्ती होऊन मुली जन्मतःच एकत्र मिळकतीच्या भागीदार झाल्या. कायदा जर इतका पुढें आला, तर संगणकाच्या कोठीनें मागें राहण्याचें कारण काय? मुख्य किल्ली एकीकडे व तिजोरींतील पाकिटाची माहिती दुसऱ्याकडे, अशी दोघांत वांटणी केली म्हणजे आजारपण, प्रवास किंवा मरण यांपैकीं कशानेंहि घर अडत नाहीं.

नातवंडांचें काय? चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा 'मला पूर्ण अधिकार द्या' म्हणून हट्ट धरतो, तेव्हां त्यामागें खेळ असतो तशी जिज्ञासाहि असते. नुसतें 'नाहीं' म्हटल्यानें तो ॲलन शेरच्या वाटेनें जाईल. अशा मुलास घरांतला जुना, अडगळींत पडलेला संगणक काढून द्यावा. त्यावर लिनक्सच्या कुळांतली एखादी मोफत प्रणाली, आपल्या सी-डॅक संस्थेनें तयार केलेली 'बॉस' देखील, घालून द्यावी. आणि सांगावें कीं येथें तूंच कर्ता. तेथें तो यंत्र मोडील, पुन्हां मांडील, आणि एका चुकीनें सारें कसें पुसलें जातें हें स्वतः पाहील. मोठ्या अधिकाराला भिऊन वागावें हें शिकविण्यास याहून स्वस्त शाळा नाहीं. घरची कागदपत्रें मात्र त्या यंत्रावर नसावीं.

विंडोज १० च्या सर्वसाधारण सुरक्षा-दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाल्या. त्यामुळें पुष्कळ घरांतून जुनें यंत्र नवें करण्याचें किंवा बदलण्याचें काम निघालें आहे, आणि त्यासाठीं ॲडमिनिस्ट्रेटरचा अधिकार लागतोच. तेव्हां पाकीट तयार करण्यास हीच वेळ योग्य. वाचकांनीं आज रात्रीं जेवणें झाल्यावर घरांत एवढेंच विचारून पाहावें : 'आपल्या संगणकाचा मुख्य पासवर्ड कोणाला माहीत आहे?' एकाच माणसाचें नांव निघालें, किंवा कोणाचेंच निघालें नाहीं, तर परगांवचा मुलगा पुढच्या सुट्टीस घरीं येईल तेव्हां परतीची गाडी गांठण्यापूर्वीं त्याचा एक तास मागून घ्यावा, आणि त्या तासांत जें करावयाचें तें सर्वांच्या देखत करून घ्यावें.